दीर्घकथा ‘आठ ते चार’ : प्रकल्प नोंदी

काम असं आहे. एका दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहायची. संपादकांनी मर्यादा दिली बारा हजार शब्द, मुदत जुलैअखेर. विषय मीच सुचवला : एकेकाळी एकमेकांवर जीव असलेले आणि पुढं तुटलेले दोघं पुन्हा एकाच कामावर येतात, आणि ते काम संपेपर्यंत कुणालाच सुटका नाही. अशा गोष्टी आपल्याकडं ढिगानं लिहिल्या जातात आणि बहुतेक एकाच ठिकाणी फसतात. दोघांना एकत्र डांबणारं कारण तकलादू निघतं. खालच्या नोंदी मुख्यतः त्या कारणाच्या डागडुजीच्या आहेत. कुणी असंच काही लिहायला घेतलं असेल तर तेवढे तरी दिवस वाचतील.

१२ जानेवारी २०२५

हिंजवडीतल्या आयटी कंपनीत घडणारी चाळीसेक पानं लिहून झाली होती. आज ती बाजूला ठेवली. नायिकेला नायकासोबत काम नको असेल तर ती मॅनेजरला सांगून प्रोजेक्ट बदलून घेते, नाहीतर नोटीस पिरियड भरून मोकळी होते. हा प्रश्न वाचकाला पहिल्या दहा पानांतच पडतो आणि माझ्याकडं त्याला उत्तर नव्हतं. शिवाय काम दिसतच नाही. दोघंही लॅपटॉपसमोर बसलेत, कळा दाबतायत. त्यांच्या कामातून त्यांच्याबद्दल काय कळणार?

मग लिफ्ट बंद पडते, घाटात दरड कोसळते, हॉटेलात एकच खोली शिल्लक असते वगैरे उपाय करून पाहिले. ही सगळी एका रात्रीची सक्ती. सकाळ झाली की दोघं आपापल्या वाटेला. दुरावा सात वर्षांचा आणि सक्ती एका रात्रीची, हा हिशेब जमत नाही.

नाटकाचा दौरा मनात होता. एक बस, करार, रोजचा प्रयोग, सगळं सोयीचं. पण नटांना रडताना दाखवलं की वाचक म्हणतो, त्यांचा धंदाच तो. हॉस्पिटल मला आतून माहीत नाही. शेवटी साखर कारखान्यावर आले, कारण आमच्या दाजींनी कारखान्याच्या लॅबमध्ये जन्म काढला आहे आणि निवृत्त होऊनही त्यांचं घड्याळ अजून शिफ्टवरच चालतं.

कथेला कारखाना का जमतो? एकदा बॉयलर पेटला आणि गव्हाणीत उसाची मोळी पडली की चार-साडेचार महिने कारखाना दिवसरात्र चालतो. रजा मिळत नाहीत. मध्येच केमिस्ट सोडून गेला तर दुसरा मिळत नाही, कारण राज्यातले सगळे कारखाने त्याच वेळी चालू असतात. राजीनामा देता येतो, पण हंगामाच्या मध्यात दिला तर पुढच्या कारखान्यात नाव खराब होतं. ही सक्ती मला हवी होती. कुणी दारं लावून घेतलेली नाहीत, तरी बाहेर पडता येत नाही. आणि शेवटची तारीख माझ्या हातात नाही, ती शिवारातला ऊस ठरवतो.

२६ जानेवारी

दाजींच्या ओळखीनं एका कारखान्याची लॅब पाहिली (नाव देत नाही). वहीत उतरवलेलं : काचेच्या उंच भांड्यात तरंगणारा, रसाचा दाटपणा मोजणारा ब्रिक्सचा काटा. साखरेचं प्रमाण मोजणाऱ्या पोलॅरिमीटरची लांब नळी. एका खिडकीला काच नाही, तिथं कापड लावलंय. बगॅसचा, म्हणजे पिळलेल्या उसाच्या चोथ्याचा, भुसा बाहेर सतत उडतो. माणसांच्या खांद्यांवर, रजिस्टरवर, चहाच्या कपात. नमुने घेऊन येणारी पोरं डबे आपटून ठेवतात. मिश्र रस, शेवटच्या मिलचा रस, बगॅस, प्रेसमड (रस गाळल्यावर उरलेला गाळ), मळी (साखर काढून उरलेला काळा पाक). प्रत्येकातली साखर मोजायची, कारण उसातून जेवढी साखर आत आली आणि पोत्यात जेवढी पडली यातला फरक कुठं गेला ते रोज लिहावं लागतं. बगॅसमध्ये इतकी, प्रेसमडमध्ये इतकी, मळीत इतकी. उरलेल्या फरकाला पत्ता नसतो. त्याला सगळे ‘अननोन लॉस’ म्हणतात.

या शब्दावर मी तिथल्या तिथं भाळले आणि वहीत ठळक अक्षरात लिहिलं. नंतर कथेत तो किती वेळा येऊ द्यायचा यावर कडक रेशन घालावं लागलं. शेवटच्या खर्ड्यात तो एकदाच येतो, तोही एमडींच्या, म्हणजे कारखान्याच्या कार्यकारी संचालकांच्या, तोंडी, चिडून.

दुसरा धक्का मोठा. माझा सगळा आराखडा रात्रपाळीवर उभा होता. मध्यरात्र, मिलचा आवाज, लॅबमध्ये ती एकटी, पॅनवरून (साखर शिजवायच्या मोठ्या भांड्यांच्या मजल्यावरून) तो खाली येतो. दाजींनी चहा अर्धा ठेवला आणि म्हणाले, “रात्री दोनला लॅबमधी बाईमाणूस? कुठल्या कारखान्यात बघितलंस? आमच्याकडं लेडीज दिवसाच्या जनरल शिफ्टला असत्यात.”

घरी येऊन कायदा पाहिला. तेव्हा लागू असलेला कारखाने अधिनियम १९४८, कलम ६६ : स्त्रियांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ याच वेळेत कामावर ठेवता येत होतं. महाराष्ट्रानं २०१५ च्या दुरुस्तीनं रात्रपाळीला वाट करून दिली होती, पण स्त्रीची संमती, सुरक्षितता, ने-आण करणारी गाडी अशा अटींवर. म्हणजे अशक्य नाही, पण आपोआपही घडत नाही. सहा प्रकरणांचा आराखडा कचऱ्यात. संध्याकाळ फार वाईट गेली.

९ फेब्रुवारी

जे अडचण म्हणून आलं होतं त्यावरच कथा उभी राहिली. पाळ्या अशा : पहाटे चार ते बारा, बारा ते रात्री आठ, आठ ते पहाटे चार. नायक रणजित मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट, म्हणजे पॅनवर साखर तयार करून घेणारा, त्याची पाळी दर आठवड्याला फिरते. नायिका शुभांगी लॅब इनचार्ज, कायम जनरल, नऊ ते साडेपाच. मग कागदावर तीन रकाने आखले.

तो चार ते बाराला असतो तेव्हा दोघं सकाळचे तीन तास समोरासमोर. बारा ते आठला असतो तेव्हा साडेपाच तास. आठ ते चारला असतो तो आठवडा भेटच नाही. ती सकाळी येते तेव्हा तो कॉलनीत झोपलेला असतो. तिला मिळतं फक्त रजिस्टर आणि त्यातला शेऱ्याचा रकाना.

इथून पुढं प्रकरणं मी पाडली नाहीत, पाळीनं पाडली. आणि गंमत म्हणजे न भेटण्याचा आठवडाच सगळ्यात चांगला लिहून झाला. रजिस्टर सरकारी कामाचं, चीफसाहेब (चीफ केमिस्ट) रोज बघणार, ऑडिटर बघणार. त्यात खासगी एक अक्षर लिहिता येत नाही. तो लिहितो : ‘पॅन ३, व्हॅक्यूम कमी, २.१० ते २.४०. पॅनमनला दोष नाही.’ दुसऱ्या दिवशी ती त्याखाली लिहिते : ‘नोंद घेतली. दोष विचारला नव्हता.’ तिसऱ्या दिवशी त्याचा शेरा फक्त आकड्यांचा. पुढची चार पानं तो शब्द लिहीत नाही आणि तिला ते बोचतं. यात एकदाही ‘प्रेम’ म्हणावं लागलं नाही.

असं काही लिहिणाऱ्यांनी आधी पात्रांचं ड्युटी चार्ट करावं. कुठं पाळी, कुठं साप्ताहिक सुटी, कोण कुणाला चार्ज देतो. मी स्वभावचित्रं लिहिण्यात डिसेंबर घालवला, त्यातलं एक वाक्य वापरलं नाही.

२२ फेब्रुवारी

तुटलं का, यावर अडकून आहे.

पहिली आवृत्ती गैरसमजाची. शुभांगीचं पत्र तिच्या मावशीनं दडवलं. भाचीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “मावशी, यांच्याकडं फोन नव्हता का?” विषय संपला. एका फोननं मिटेल असं कारण सात वर्षं टिकत नाही.

दुसरी आवृत्ती जातीची. आमच्या भागात खरं बघायला गेलं तर हेच कारण सर्वांत जास्त ठिकाणी सापडेल. पण ते एकदा आणलं की कोपऱ्यात शोभेला ठेवता येत नाही. मग ती कथा दोन घरांची, भावकीची, कदाचित रक्ताचीही होते, आणि ती लिहायला बारा हजार शब्द आणि माझी सध्याची तयारी दोन्ही अपुरी. शिवाय मग दोघांनी एकमेकांशी भांडायचं कशावरून? दोष सगळा बाहेरच्यांचा होतो. ही आवृत्ती सोडली, पण मन खात राहिलं.

तिसरी दाजींच्या बोलण्यातून आली. ते सहज म्हणाले की त्यांच्या बॅचचे निम्मे जण आफ्रिकेला गेले. आपल्याकडचे साखर तंत्रज्ञ केनिया, युगांडा, टांझानियाला कराराने जातात, ही इकडच्या कारखाना कॉलनीत रोजची गोष्ट. आणि दुसरं टोक म्हणजे हंगामी आणि कायम यातला फरक. हंगामी माणसाला कारखाना बंद असताना रिटेन्शनचे थोडे पैसे मिळतात, बाकी महिने तो काय करतो ते त्याचं त्यानं बघायचं. रणजित हंगामी होता. शुभांगीला कायमची ऑर्डर आली त्याच आठवड्यात त्याला केनियाचा दोन वर्षांचा करार आला. तो म्हणाला, चल. ती म्हणाली, थांब. तिच्या घरात पहिलीच कायम नोकरी, त्याच्या डोक्यावर विहिरीचं कर्ज. दोघांचंही बरोबर. तो गेला, करार वाढवत राहिला.

यात खलनायक लागत नाही. आणि मुख्य म्हणजे प्रश्न मिटलेला नाही. हंगाम संपला की त्याला पुन्हा बाहेरचं बोलावणं येऊ शकतं. सात वर्षांपूर्वीचं भांडण जसंच्या तसं पुढ्यात उभं आहे. कारण संपलेलं असेल तर दोघांना एकत्र आणून फक्त माफी मागता येते, आणि ती दोन पानांत आटोपते.

८ मार्च

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं. यंदा ऊस कमी, हंगाम बऱ्याच ठिकाणी लवकर आटोपला. मी मार्चअखेरपर्यंत अधूनमधून जायचं ठरवलं होतं, ते बारगळलं. पॅनचा मजला नीट बघायचा राहून गेला. जे पाहायचंय ते पहिल्या भेटीतच पाहून घ्यावं. ‘पुढच्या खेपेला’ म्हणून ठेवलेलं पुढच्या हंगामावर जातं.

तेवढी उणीव दाजींच्या एका मित्रानं भरून काढली. हे जुने पॅनमन. त्यांनी स्वयंपाकघरात काचेची पट्टी मागून घेतली, काकवीचा थेंब तिच्यावर पसरला आणि ट्यूबलाइटसमोर धरून दाखवलं की पॅनमधला दाणा कसा बघतात. “दाणा सारखा दिसला पायजे. बारीक-मोठा मिसळला की पुढं मशीनवर बोंब.” पॅनमधला रस निर्वातात उकळतो, त्यामुळं साठ-सत्तर अंशांवरच उकळी येते, साखर जळत नाही. मी हे सगळं कथेत घातलं आणि मग सगळं काढलं. काचेची पट्टी तेवढी ठेवली.

५ एप्रिल

पहिला खर्डा तिघांना वाचायला दिला. निकाल असा.

दाजी : खलनायक खोटा. मी एक संचालक घातला होता, रात्री साखरेची पोती परस्पर बाहेर काढणारा. दाजी हसून म्हणाले, उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, पाव टक्क्यानं पडायला चोर लागत नाही, एक गळका पाइप पुरतो. त्यांनी हिशेब करून दाखवला. रोज ५००० टन गाळप धरलं तर उताऱ्यात ०.१ टक्क्याचा फरक म्हणजे पाच टन साखर, म्हणजे पन्नास किलोची १०० पोती, रोज. आणि शेतकऱ्याची बाजू : २०२४-२५ ला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव, १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,४०० रुपये, त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३३ रुपये २० पैसे. म्हणजे शुभांगी लॅबमध्ये जो आकडा लिहिते त्यावर गावातल्या प्रत्येक घराचे पैसे आहेत, तिच्या स्वतःच्या वडिलांचेही. संचालक काढला. त्याच्यासोबत तीन हजार शब्द गेले आणि काहीही अडलं नाही.

बँकेत असलेली मैत्रीण : रणजित वरिष्ठ आणि शुभांगी त्याच्या हाताखाली असं मी केलं होतं, आणि एका प्रसंगात तो लॅबचं दार ढकलून तिचा हात धरतो. मैत्रीण तिच्या बँकेच्या अंतर्गत तक्रार समितीवर आहे. म्हणाली, “हे माझ्याकडं आलं तर मी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली नोंद करीन. तुझ्या नायिकेला हे आवडतं हे मला कागदावर कुठं दिसतंय?” बरोबर होतं तिचं. दोघांना बरोबरीच्या हुद्द्यावर आणलं, दोघंही चीफ केमिस्टच्या हाताखाली. हात धरणं गेलं. त्या जागी काय घालायचं हे दीड महिना सुचलं नाही.

तिसरा वाचक, नाव नको, म्हणाला की संवाद मालिकेसारखे आहेत. पान उघडून पाहिलं तर खरंच, दोघं एकमेकांना आपापल्या मनाची अवस्था समजावून सांगत होते. “तू गेलास आणि मी थांबले, पण तुला कधी कळलं का...” वगैरे. आपल्याकडं तुटलेली माणसं कामावर भेटली तर अशी बोलत नाहीत. ती नाव घेत नाहीत, ‘तू’ म्हणवत नाही आणि ‘तुम्ही’ म्हणायला जीभ वळत नाही, म्हणून कर्ताच गाळून बोलतात. सगळे संवाद या एका नियमानं पुन्हा लिहिले :

“कंडेन्सरचं पाणी बघितलं?”
“दोनदा.”
“परत बघायचं का?”
“बघितलं की.”

इतरांसमोर मात्र ‘मॅडम’ आणि ‘साहेब’. वीस पानं अशी गेली की वाचकच ‘तू’ची वाट बघू लागतो. फुकटातला ताण.

१८ मे

हाताच्या जागी काय, याचं उत्तर सापडलं. परीक्षानळी.

पॅनमधून वाफेसोबत रसाचे थेंब उडून गेले तर ती साखर कंडेन्सरच्या, म्हणजे वाफ थंड करणाऱ्या यंत्राच्या, पाण्यात जाते आणि कायमची गेली. ती पकडायला लॅबमध्ये साधी चाचणी असते. नळीत थोडं पाणी, त्यात अल्फा-नॅफ्थॉलचे थेंब, मग तीव्र सल्फ्युरिक आम्ल नळीच्या कडेनं हळूच सोडायचं. साखरेचा अंश असेल तर दोन थर भेटतात तिथं जांभळं कडं उमटतं. चाचणी इतकी नाजूक की हवेतली साखरेची धूळ, फिल्टर पेपरचा एखादा तंतूसुद्धा कडं दाखवतो. म्हणजे कडं दिसलं तर दोन अर्थ : पॅन साखर उडवतंय, नाहीतर नळी नीट धुतलेली नाही.

दोन अर्थ निघतात म्हटल्यावर प्रसंग तयारच होता. चीफसाहेब बायपाससाठी पुण्याला. उतारा पडतोय, कंडेन्सरचं पाणी जिथं गार होतं त्या स्प्रे पाँडला आंबूस वास येतोय. एमडींचा लेखी आदेश : सलग चोवीस तास, दर तासाला, नमुना दोघांनी मिळून तपासायचा आणि दोघांच्या सह्या. शुभांगीची रात्रीची संमती लेखी, सोबत लॅबमधली दुसरी एक बाई, नेण्या-आणण्याला कारखान्याची जीप. अख्ख्या कथेतली एकमेव रात्र आणि तिला तीन कागद जोडलेले. आधीच्या चोरट्या मध्यरात्रीपेक्षा ही कितीतरी जास्त चालली.

आधीचा खर्डा असा होता :

‘जांभळं कडं पाहून तिच्या मनात आठवणींचं मोहोळ उठलं. त्याच्या डोळ्यांत तिला सात वर्षांपूर्वीचा रणजित दिसला. दोघांमधली भिंत विरघळू लागली...’

आता असा आहे :

‘कडं उमटलं. तिनं नळी दिव्याकडं धरली, मग त्याच्याकडं. तो वाकून बराच वेळ बघत राहिला.
“नळी?”
“धुतलेली आहे.”
“परत एकदा घ्यायचं?”
तिनं पेन खाली ठेवलं. सात वर्षांपूर्वीही हाच प्रश्न होता, परत एकदा विचार करायचा का. ती काही बोलणार तेवढ्यात त्यानं रॅकमधली दुसरी नळी काढली, नळाखाली धरली, मग ऊर्ध्वपातित पाण्यानं खंगाळली, उलटी करून झटकली, पुन्हा खंगाळली. बाही कोपराच्या वर. नळी तिच्या पुढ्यात ठेवली आणि दोन पावलं मागं सरकून उभा राहिला.
“आता घ्या,” म्हणाला, “आणि जे येईल ते लिहा.”’

दाजींना वाचून दाखवलं. ते भावनेबद्दल काही बोलले नाहीत. म्हणाले, ॲसिड सोडताना नळी तिरकी धरायची लिहिलं नाहीस. लिहिलं.

पुढं दोष पॅनच्या माथ्यावरच्या थेंब अडवणाऱ्या पत्र्यांचा निघतो. ते बदलावेत म्हणून रणजितनं ऑफ-सीझनमध्येच अर्ज दिलेला, खरेदी विभागात पडून. तो अर्ज शोधून काढायचं काम शुभांगीचं. इथं मी घाईनं गुंडाळलंय हे मला माहीत आहे, पण फाइल शोधण्याचं प्रकरण वाढवलं की कथा कचेरीची होते.

२९ जून

एकवीस हजार शब्द झालेत. नऊ हजार काढायचे.

गेलं ते : यात्रेचा प्रसंग, मैत्रिणीचं लग्न, रणजितची केनियातली दोन पत्रं (मी तिथं गेलेले नाही आणि ते दिसत होतं), ऊसतोड टोळीतल्या एका बाईची उपकथा. शेवटची काढताना जड गेलं. पण ती बाई नायिकेला शहाणपण शिकवण्यापुरतीच आली होती. पालातल्या माणसाला एवढ्याच कामाला आणायचं असेल तर न आणलेलं बरं. तिची कथा वेगळी लिहीन.

कापण्याची एक युक्ती उपयोगी पडली. प्रत्येक प्रसंगावर पेन्सिलनं लिहिलं : इथं कारखान्याचं कोणतं काम चालू आहे? ज्यावर उत्तर नव्हतं असे प्रसंग जवळजवळ सगळे काढण्यालायक निघाले. दोघं कॅन्टीनमध्ये नुसती बोलतायत, पुलावर नुसती उभी आहेत, ही पानं वाचताना माझंच लक्ष उडत होतं. एक तेवढा ठेवला, पहाटेच्या भोंग्याचा. त्यात काहीच काम नाही, पण मला तो आवडतो.

खर्च : छापील प्रती काढायला पानाला दोन रुपये, दोनदा सगळा खर्डा छापला. स्क्रीनवर कापताना मी लबाडी करते, कागदावर होत नाही. मुद्रितशोधनाला एका निवृत्त शिक्षकांना अडीच हजार दिले. पेट्रोल धरलेलं नाही.

२० जुलै

शेवट आणि नाव.

संपादकांना फोनवर शेवट सांगितला. त्यांना लग्न हवंय असं नाही, पण ‘काहीतरी ठोस’ हवंय. दिवाळीचा अंक, लोक फराळ खात वाचतात, असं त्यांचं म्हणणं. मी लिहिलेला शेवट : पट्टा पडला, अंतिम अहवालावर दोघांच्या सह्या झाल्या, रणजितला युगांडाचं बोलावणं आलंय आणि या वेळी करारातला मजकूर तो तिला वाचायला देतो, सही करण्याआधी. ती वाचते आणि एका कलमावर पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढते. पुढं काय ठरलं ते लिहिलेलं नाही.

संपादक म्हणाले, अर्धवट वाटतं. दोन दिवस विचार केला. एक आवृत्ती केली ज्यात तो करार फाडतो. फारच नाटकी, आणि कर्ज अजून फिटायचंय. दुसरीत ती नोकरी सोडून निघते. ती लिहिताना मला शुभांगीचाच राग आला. मग एवढंच केलं की ती ज्या कलमावर प्रश्नचिन्ह काढते ते कुटुंबाला सोबत नेण्याबद्दलचं आहे, हे स्पष्ट लिहिलं. संपादकांनी मान्य केलं. मलाही आधीपेक्षा हे बरं वाटतं, फक्त त्यांना तसं सांगितलं नाही.

नावासाठी त्यांच्याकडून तीन सूचना आल्या, तिन्हीत ‘गोड’ किंवा ‘कडू’ होतं. साखर म्हटलं की हे येणारच. ‘आठ ते चार’वर अडून बसले. दोघं ज्या पाळीत भेटत नाहीत त्या पाळीचं नाव.

१७ ऑगस्ट

मुद्रितं आली. मी युनिकोडमध्ये दिलेली फाइल त्यांच्याकडं जुन्या फॉन्टमध्ये बदलली गेली आणि ‘दुसऱ्या’, ‘बाऱ्या’ सगळीकडं मोडले, ॲसिडमधला ‘ॲ’ पार उडाला, शेऱ्याच्या रकान्यातले ठळक आकडे साधे झाले. शेरे आणि कथन यातला फरक त्या ठळकपणावरच होता. सगळी पानं पुन्हा तपासायला एक रविवार गेला. फाइल देतानाच सोबत पीडीएफ द्यावी आणि ऱ्य, ॲ, अवतरणचिन्हं असलेलं एक पान आधी बदलून मागवावं.

रजिस्टरमधल्या नोंदी त्यांनी चौकटीत टाकल्या आहेत, ते मात्र मला सुचलं नव्हतं. छान दिसतंय.

राहिलेलं : पान ९ वर पॅनचा नंबर ३ आहे, पान १४ वर ४. दाजींनी पकडलं. ३ करून परत पाठवलं. मानधन अंक बाजारात आल्यावर.